पेज की तीर्थन? ठाणेकराने पहिला फ्लाय रॉड कुठे भिजवावा

फ्लाय रॉड (नकली माशी टाकून मासा धरायची लवचिक काठी) हातात आला की हिमाचलची तिकिटं बघायची घाई होते. मलाही झाली होती. तिथल्या तीर्थन नदीवर गेलो तेव्हा लाइन (रॉडची दोरी) नीट टाकता येत नव्हती. चार दिवसांत एकच ट्राउट (थंड पाण्यातला मासा) लागला, आणि आणखी कितीतरी मासे माझ्याच सावलीने बुजून दगडाखाली गेले. म्हणून आता कोणी विचारलं, की मी आधी कर्जतची लोकल दाखवतो.

कर्जतजवळची पेज नदी धरणाच्या पाण्यावर जगते. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी 1922 साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजगृहातून खाली येतं, पेजेत सुटतं आणि पुढे उल्हासला मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत आजूबाजूचे ओढे कोरडे पडतात, तेव्हाही पेज वाहती असते. (भिवपुरी रोड स्टेशनवर उतरू नका. वीजगृहाचं भिवपुरी वेगळं, त्यासाठी कर्जतलाच उतरायचं.)

मग धरणाखालच्या या पाण्यात ट्राउट का नाही? थंड प्रदेशात खोल जलाशयाच्या तळाचं गार पाणी उन्हाळ्यात खाली सुटतं, त्यावर ट्राउट तगतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो. आपल्या घाटातलं पाणी तेवढं गार राहत नाही. पेजेत तुमच्या वाट्याला येतील ते तिलापिया, छोटे खवल्यांचे मासे, एखाद्या डोहात मरळ. ट्राउटची ओढ असेल तर यावर समाधान होणार नाही, हे मान्य. पण वाहत्या पाण्यात निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी बुडणारी नकली माशी) तळाशी कसा न्यायचा, लाइनला प्रवाहाची ओढ लागू न देता माशी तरंगत कशी सोडायची, हे इथे शिकता येतं. तेही रविवारी सकाळी जाऊन दुपारी घरी परत येऊन.

ऋतूंचा हिशेब दोन्हीकडे अगदी वेगळा आहे. तीर्थनवर मोठं धरण नाही, तिथे बर्फ आणि पाऊस ठरवतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी निवळ आणि बोचरं थंड, मे-जूनमध्ये बर्फ वितळून दुपारनंतर जोर वाढतो, जुलै-ऑगस्टला गढूळ लोंढे. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंतचा काळ मला सगळ्यांत आवडतो. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटचा विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद. परवाना मत्स्य विभागाकडून काढावा लागतो, तो न काढता काठावर जाऊच नका.

पेजेवर ऋतूपेक्षा वीजगृहाचं वेळापत्रक मोठं. विजेची मागणी वाढली की यंत्रं सुरू होतात आणि आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं. चढत्या पाण्यात मासे काठाकडे सरकतात, उतरत्या पाण्यात परत खळाळाच्या कडेला येतात. ही उतरती वेळच साधायची. ऑक्टोबर-नोव्हेंबर छान, हिवाळ्यात मासा सुस्त, मार्च ते मे सरावाला उत्तम. जून-जुलैत मात्र मी पेजेवर रॉड काढत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्या-शेतांत चढतात. वलगणीची मजा ज्यांनी लहानपणी अनुभवली आहे त्यांना हे पटणं जड जाईल, पण पोटात अंडी असलेला मासा मला धरवत नाही. हिमाचलने विणीचे चार महिने नदीवर मासेमारी बंद ठेवली, म्हणून तिथे ट्राउट टिकला. आपणही आपल्या नदीला दोन महिने द्यावेत.

बदलापूरच्या खाली उल्हासवर जाऊ नका. पुढे सांडपाणी आणि उन्हाळ्यात जलपर्णी असते, त्या पाण्यात मासा धरायला मन होत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो: नऊ फुटी, पाच नंबरचा (नंबर लाइनच्या वजनाचा), चार तुकड्यांचा रॉड दोन्हीकडे चालतो. खाडीत जिताड्यावर माशी टाकायची हौस असेल तर आठ नंबरचा वेगळा लागेल. तो आत्ता घेऊ नका. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे तर रॉड नेऊच नये.

हात नवा असेल, तर मार्च ते मे सहा-सात रविवार पेजेवर घालवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तीर्थनला जा. दिल्ली किंवा चंडीगडहून मनालीच्या रस्त्याने निघून औटला वळायचं, तिथून बंजार, गुशैणी. तीस फुटांवर लाइन हळुवार टाकता येत असेल, तर पेज सोडून सरळ तिकडेच निघा.

पेजेत उतरण्याआधी काठावरचा एक दगड हेरून ठेवा, पाण्याच्या अगदी वर कोरडा असलेला. दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघा. तो ओला दिसला, की मासा लागलेला असला तरी बाहेर या.