स्टॅड प्रोची मेंबर रिलीज: हिंजसाठी उत्तम, अर्धवट जोडाला मात्र स्प्रिंगच बरी

स्टॅड प्रो हे इमारतींच्या सांगाड्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर बीम-कॉलमचा जोड मुळातच रिजिड, म्हणजे एकमेकांच्या सापेक्ष न फिरणारा, धरतं; तो हिंज, म्हणजे बिजागरीसारखा मोकळा फिरणारा, करायचा तर मेंबरला (सांगाड्याच्या त्या भागाला) रिलीज द्यावी लागते. वेबला (बीमच्या उभ्या पत्र्याला) क्लीट अँगलने (एल-आकाराच्या तुकड्याने) बोल्ट केलेला, म्हणजे जवळपास हिंज असलेला बीम मॉडेलमध्ये रिजिडच राहिला, तर उत्तर दिसायला व्यवस्थित येतं, पण चुकीचं असतं. 6 मीटर स्पॅन आणि मीटरला 20 किलोन्यूटन भार घ्या. पक्क्या टोकांशी 60 आणि मध्यावर 30 किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. दोन्हीकडे हिंज असेल तर मध्यावर 90, आणि डिफ्लेक्शन (झोल) पाचपट. म्हणजे 90 लागणारा बीम 60 वर निवडला जातो.

हिंज देणं सोपं आहे: मेंबर क्रमांक, स्टार्ट किंवा एंड, आणि एमवाय, एमझेड (वाय आणि झेड अक्षांभोवतीचे मोमेंट). हे अक्ष मेंबरचे स्वतःचे असतात, जागतिक नव्हेत. एमएक्स (पीळ) दोन्ही टोकांना कधीच सोडू नका, बीम स्वतःभोवती मोकळा फिरतो. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे दुय्यम बीमसाठी मुख्य बीमचे तुकडे करायचे आणि सगळेच निवडून रिलीज द्यायची. मग हिंज स्पॅनच्या मध्येच बसतो. मुख्य बीमला रिलीज फक्त कॉलमला टेकणाऱ्या टोकांनाच हवी.

सगळ्यात मोठी नापसंत गोष्ट ही. सगळे बीम हिंज, कॉलमचे पायही हिंज आणि ब्रेसिंग (तिरके आधार) नाही, असा चौकट-सांगाडा आडव्या भाराला उभाच राहू शकत नाही. तरी प्रोग्राम थांबत नाही! आउटपुट फाइलमध्ये अस्थिर जॉइंटची वॉर्निंग देतो, तिथे स्वतःच एक कमकुवत स्प्रिंग जोडतो आणि हिशोब पूर्ण करतो. ही ओळ न वाचता थेट डिझाइनकडे जाणं घातक. विस्थापन (जागचं सरकणं) कित्येक मीटर दिसलं, की आधी हीच ओळ शोधा.

अर्धवट रिलीजचा, म्हणजे हिंज आणि रिजिड यांच्या मधल्या जोडासाठीचा, गुणक (0.001 ते 0.999) मला भरवशाचा वाटत नाही. तो मोमेंट नाही, ताठरपणा कमी करतो. 0.5 दिलं म्हणून मोमेंट निम्मा होत नाही, आणि हवा तो आकडा चाचपडत गाठावा लागतो. त्यापेक्षा केएमझेड स्प्रिंग (झेड अक्षाभोवतीचं फिरणं अंशतः रोखणारी) द्या, कारण ती जोडाच्या खऱ्या ताठरपणावरून काढता येते. युरोकोड 3 (पोलादी बांधकामाचं युरोपीय मानक) च्या भाग 1-8 नुसार ताठरपणा 0.5 ईआय/एल (ईआय म्हणजे बीमचा वाकण्याला असलेला ताठरपणा, एल म्हणजे लांबी) किंवा कमी असेल तर जोड हिंज, आणि ब्रेस्ड फ्रेममध्ये 8 ईआय/एल किंवा जास्त असेल तर रिजिड (अनब्रेस्डमध्ये 25).

पडताळा वरच्याच बीमवर, कॉलमऐवजी पक्के आधार देऊन घ्या. टोकांना 8 ईआय/एलची स्प्रिंग दिली तर टोकाचा मोमेंट 48, आणि 0.5 ईआय/एलला 12 यायला हवा. आकडे जुळले नाहीत तर एकक बघा: रेडियनऐवजी अंश धरला गेला तर 57.3 पटीचा फरक पडतो.