रोमन पोशाखातल्या गाइडबरोबर फिरायचंय: ट्रिअर की चेस्टर?

चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला माणूस रस्त्यात समोर येतो, लॅटिनमध्ये आरोळी ठोकतो आणि पुढचा तासभर तुम्हाला जुनं रोमन शहर दाखवत फिरतो. युरोपात अशा फेऱ्या बऱ्याच ठिकाणी निघतात. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने त्यातली दोन ठिकाणं सोयीची आहेत. नोकरीनिमित्त लक्झेंबर्ग, फ्रँकफर्ट किंवा कोलोनच्या बाजूला असाल तर जर्मनीतलं ट्रिअर, आणि मँचेस्टर-लिव्हरपूलकडे असाल तर इंग्लंडमधलं चेस्टर. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले असतील आणि मुलांना सुट्टी असेल, तर यातलं कुठलं निवडावं यासाठी हा आढावा. दोन्ही एकाच सहलीत बसवायचं असेल तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन आणि ब्रिटन असे दोन वेगळे व्हिसा लागतात, तेव्हा बहुतेकांना एकच निवडावं लागेल.

आधी एक गल्लत दूर करू. रोममध्ये कोलोसियमच्या बाहेर लाल झगे घालून फोटोचे पैसे मागणारे ‘सेंच्युरियन’ (रोमन सैन्यातला तुकडीप्रमुख) उभे असतात, ते गाइड नव्हेत. त्यांचा त्रास एवढा वाढला होता की २०१५ मध्ये शहर प्रशासनाने त्यांच्यावर बंदी घातली होती. इथे ज्या फेऱ्यांबद्दल लिहितोय त्या तिकीट काढून, ठरलेल्या वेळी, माहिती असलेल्या माणसाबरोबर करायच्या आहेत.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जिथे रोमन दगड कमी उरलेत तिथे पोशाखाची खरी गरज पडते. चेस्टरमध्ये पोशाखाशिवाय तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. ट्रिअरमध्ये पोशाख नसला तरी चालतं, कारण तिथली वास्तूच समोर तीस मीटर उंच उभी आहे.

चेस्टर: ढाल हातात घ्या आणि चालू लागा

चेस्टर हे मुळात शहर नव्हतंच, ती छावणी होती. इसवी सनाच्या सत्तरच्या दशकात दुसऱ्या आदिउट्रिक्स लीजनने (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) डी नदीच्या काठी ‘देवा’ नावाचा तळ उभारला. पुढे ते सैन्य हललं आणि विसावी लीजन, वालेरिया विक्ट्रिक्स, तिथे आली ती कायमचीच. रानडुक्कर हे तिचं चिन्ह. ब्रिटनमधल्या इतर लीजन-तळांपेक्षा हा तळ आकाराने मोठा होता. तो का मोठा बांधला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आज तिथे दिसतं काय? शहराभोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट आहे. त्यावरून पूर्ण फेरी मारता येते, पण त्यातला डोळ्यांना दिसणारा बराचसा भाग मध्ययुगीन किंवा नंतरचा आहे. ब्रिटनमधलं सर्वांत मोठं ज्ञात अँफिथिएटर, म्हणजे झुंजी-खेळांचं गोलाकार उघडं प्रेक्षागृह, इथे आहे. ते सापडलं १९२९ मध्ये, आणि आजही अर्धंच उघडं आहे. उरलेलं अर्धं डी हाउस नावाच्या जुन्या इमारतीखाली गाडलेलं आहे. ते पूर्ण कसं दिसत असेल याचं चित्र मधल्या भिंतीवर रंगवून ठेवलंय. तटाशेजारच्या रोमन बागेत खांब आहेत, पण ते शहरात इतरत्र सापडलेले तुकडे विसाव्या शतकात आणून मांडलेले. एका दुकानाच्या तळघरात जमिनीखालून घर उबदार ठेवण्याच्या यंत्रणेचे खांब आहेत. एवढ्यावर एकट्याने फिरायला गेलात तर तासाभरात ‘बरं, पुढे काय?’ असं होतं.

इथेच चिलखतवाल्या गाइडचा उपयोग होतो. चेस्टरमध्ये सर्वांत पक्कं टिकलंय ते रस्त्यांचं जाळं, आणि ते कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. आजची ब्रिज स्ट्रीट म्हणजे छावणीचा मुख्य रस्ता, व्हिआ प्रेटोरिया. ईस्टगेट आणि वॉटरगेट स्ट्रीट मिळून छावणीचा आडवा रस्ता, व्हिआ प्रिन्सिपालिस. हे रस्ते ज्या ‘क्रॉस’पाशी मिळतात, तिथल्या सेंट पीटर चर्चच्या जागी सेनापतीचं मुख्यालय होतं. मुलांच्या हातात ढाली देऊन, ‘सिन्! डेक्स्!’ म्हणजे डावा-उजवा अशा हाका देत गाइड त्यांना याच रस्त्यांवरून चालवत नेतो, तेव्हा छावणीचा नकाशा पायांना कळतो. अँफिथिएटरमध्ये पोचल्यावर ढाली डोक्यावर आणि बाजूंना धरून ‘टेस्टुडो’, म्हणजे कासव-रचना करायला लावतात. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगला इतिहासाचा तास मला माहीत नाही. मोठ्यांना सुरुवातीला लाज वाटते, मग तेही ओरडतात.

अँफिथिएटरच्या प्रवेशाजवळ एक छोटी खोली आहे, तिच्याकडे गाइडचं लक्ष नक्की वेधा. सूडाची आणि नियतीची देवता नेमेसिस, तिचं ते देवघर. तिथे सापडलेल्या वेदीवर लिहिलंय की सेक्स्टिअस मार्सिआनस नावाच्या सेंच्युरियनने दृष्टान्त झाल्यामुळे ती वेदी अर्पण केली. जागेवर प्रतिकृती आहे, मूळ वेदी ग्रोव्हनर संग्रहालयात. देवाने स्वप्नात येऊन सांगितलं म्हणून काहीतरी बांधणारा माणूस आपल्या आजी-आजोबांना समजावून सांगावा लागत नाही. नदीपलीकडे हँडब्रिजमध्ये मिनर्व्हाचं खडकात कोरलेलं छोटं देऊळ अजून मूळ जागी आहे. ते बहुतेक फेऱ्यांमध्ये येत नाही, पण पूल ओलांडून दहा मिनिटांत स्वतः जाता येतं.

उणी बाजू म्हणजे या फेऱ्यांचा कणा शाळांच्या सहली आहेत. सर्वसामान्यांसाठीच्या फेऱ्या मुख्यतः सुट्ट्यांत असतात, आणि गाइडचा सूरही दहा वर्षांच्या मुलाला धरून लागलेला असतो. फक्त मोठी माणसं असाल तर तो सूर थोडा पोरकट वाटेल.

ट्रिअर: इथे तुम्ही प्रेक्षक आहात

ट्रिअरची गोष्ट वेगळ्या मापाची आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात मोझेल नदीवर पूल बांधला गेला आणि ट्रेव्हेरी जमातीच्या मुलखात हे शहर वसलं. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ते सम्राटांचं निवासस्थान झालं, आणि ३०६ नंतर काही वर्षं कॉन्स्टंटाइन इथूनच राज्य करत होता. दुसऱ्या शतकातल्या पुलाच्या खांबांवरून आजही मोटारी जातात. कॉन्स्टंटाइनचा दरबार भरायचा तो दिवाणखाना ६७ मीटर लांब आणि ३३ मीटर उंच आहे, आणि आता ते प्रोटेस्टंट चर्च आहे. १९८६ पासून या सगळ्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे.

पोशाखातल्या फेऱ्या इथे खऱ्या अर्थाने एकपात्री प्रयोग असतात. पोर्टा निग्रा या काळ्या दरवाज्यात सेंच्युरियन भेटतो. अँफिथिएटरमध्ये व्हॅलेरिअस नावाचा ग्लॅडिएटर आपली कहाणी सांगतो. कैसरथर्मेन या शाही स्नानगृहांच्या भुयारांत एक अधिकारी राजद्रोहाच्या कटात तुम्हाला ओढतो. नट प्रशिक्षित असतात, संहिता बांधीव असते, आणि जागेचा वापर फार हुशारीने केलेला असतो. पोर्टा निग्राच्या दोन दरवाज्यांमधला चौक हा शत्रूला आत घेऊन वरून कोंडीत पकडण्यासाठी होता. रायगडाच्या महादरवाज्यातून गेलेल्याला त्या बांधणीमागचा डाव सांगावा लागत नाही. त्या चौकात उभं राहून वरच्या खिडक्यांकडे बोट दाखवणारा सैनिक मनात बसतो.

पण प्रयोग संपल्यावरही दरवाजा सोडू नका, कारण त्याची स्वतःची गोष्ट सेंच्युरियनच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. इसवी सन १७० च्या सुमारास काम सुरू झालं आणि ते कधीच पूर्ण झालं नाही. अर्धखांब नीट तासलेले नाहीत, ते पाहून लगेच कळतं. दगड चुन्याशिवाय रचलेत, लोखंडी पकडींनी एकमेकांत अडकवलेत. पुढे लोकांनी ते लोखंड काढून नेलं, म्हणून सगळीकडे भोकं दिसतात. अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा साधू इथे स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि १०३५ मध्ये वारला. त्याच्या नावाने दरवाज्याचं चर्च झालं, आणि चर्च झालं म्हणूनच शहराचे इतर दरवाजे पाडले गेले तरी हा वाचला. शेवटी नेपोलियनने चर्चचा भाग काढून टाकायला लावला. यातलं सेंच्युरियनला काही सांगता येत नाही, कारण तो बिचारा रोमन काळातच अडकलेला आहे. पोशाखातल्या गाइडची ही मोठी मर्यादा आहे: भूमिकेबाहेरची दीड हजार वर्षं त्याच्या तोंडी येत नाहीत.

दुसरी अडचण भाषेची, आणि बऱ्याच वाचकांसाठी निर्णय इथेच होईल. ट्रिअरचे हे प्रयोग मुख्यतः जर्मनमध्ये असतात. इंग्रजीत मोजकेच, किंवा गटाने आधी आरक्षण केलं तर. चेस्टरमध्ये एखादं वाक्य निसटलं तरी ढाल हातात असते, मजा येते. ट्रिअरमध्ये नाटक शब्दांवर उभं आहे. विनोदावर सगळे हसताहेत आणि आई तुमच्याकडे बघून ‘काय म्हणाला?’ विचारतेय, असा तास काढायचा नसेल तर इंग्रजी प्रयोगाची खात्री करूनच तिकीट घ्या. पोर्टा निग्राच्या शेजारीच पर्यटन कार्यालय आहे, तिथे विचारता येतं. जर्मन शाळेत जाणारी मुलं असतील तर प्रश्नच मिटला. त्यांना हे प्रयोग जरूर दाखवा.

पोशाख कितपत खरा?

चेस्टरच्या गाइडचं पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत इथे शोभतं. त्याची रचना आपल्याला नीट कळली ती १९६४ मध्ये इंग्लंडमध्येच कॉरब्रिजला सापडलेल्या पेटीतल्या अवशेषांवरून. वाकवलेली आयताकृती ढाल मात्र सिरियातल्या दुरा-युरोपोसला सापडलेल्या एकाच नमुन्यावर बरीचशी बेतलेली असते. खिळे मारलेल्या चपलांचा आवाज ऐकलात तर गाइडला विचारा, घसरत नाही का? त्या काळच्या जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय की जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलिअन नावाचा शूर सेंच्युरियन अशाच चपलांनी देवळाच्या फरशीवर घसरून पडला आणि मारला गेला.

ग्लॅडिएटरच्या फेरीत ‘मरणाला निघालेले आम्ही तुला वंदन करतो’ हे वाक्य आलं, तर गाइड पुढे काय सांगतो ते ऐका. हे वंदन इतिहासात एकाच प्रसंगी नोंदलेलं आहे: सम्राट क्लॉडिअसने फुसिन सरोवरावर भरवलेल्या लुटुपुटूच्या नौकायुद्धात, आणि ते म्हणणारे शिक्षा झालेले कैदी होते. हे सांगणारा गाइड चांगला. अंगठा खाली करून नाट्य संपवणारा नट चांगला असेल, पण तेवढंच.

ट्रिअरबद्दल माझी जरा वेगळी तक्रार आहे. हे शहर सैनिकांचं कमी आणि कापड-दारूच्या व्यापाऱ्यांचं जास्त होतं. तिथल्या ऱ्हाइनिशेस लांडेसम्युझियम या संग्रहालयात नॉयमागेन गावाहून आणलेली थडग्यांवरची शिल्पं बघा. पिंपांनी भरलेलं, वल्हवलं जाणारं दारूचं जहाज, गुरुजींसमोर बसलेली पोरं आणि उशिरा येऊन हात वर करून उभा राहिलेला एक विद्यार्थी. सैनिकापेक्षा एखादा कापडव्यापारी गाइड म्हणून उभा केला असता तर मला जास्त आवडलं असतं. रोमन जग आपल्यापर्यंत पोचलं तेही व्यापारानेच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. घरात कुणी कोल्हापूरकर असेल तर तो धागा आधीच सांगून ठेवा.

कुणी काय निवडावं

मुलं प्राथमिक शाळेतली असतील तर चेस्टर, फार विचार करू नका. लिव्हरपूलहून लोकल गाडीने पाऊण तास, मँचेस्टरहून साधारण तासभर. डिसेंबरात असाल तर रोमन सॅटर्नेलिया सणाची मशालींची मिरवणूक तिथे निघते. थंडी सोसत असेल तर तीच गाठा, फुकट आहे आणि सगळे पोशाखात असतात.

मुलं मोठी असतील, जर्मन येत असेल, तर ट्रिअर, आणि तीन प्रयोगांतला एकच निवडायचा तर पोर्टा निग्राचा. अँफिथिएटर शहराच्या कडेला आहे, पायी वीसेक मिनिटं आणि थोडा चढ. मात्र तिथल्या रिंगणाखालचं तळघर मुलांना आवडतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना पोर्टा निग्राचे वळणाचे जिने जड जातात, वर जायला लिफ्ट नाही. चेस्टरच्या तटावरही पायऱ्या आहेत, पण पाहिजे तिथे उतरून खालच्या रस्त्याने पुढे जाता येतं.

आणि आई-बाबांबरोबर, जर्मनशिवाय, शांतपणे बघायचं असेल तर ट्रिअरच, पण पोशाखाविना. इंग्रजीतली साधी शहर-फेरी घ्या आणि दुपार संग्रहालयाला द्या. तिथे १९९३ मध्ये सापडलेला साडेअठरा किलो सोन्याच्या नाण्यांचा साठा आहे. लक्झेंबर्गला परतताना इगेल स्टेशनवर उतरलात तर सेकुंडिनी या कापडव्यापारी घराण्याने उभारलेला तेवीस मीटर उंचीचा दगडी स्तंभ गावातच उभा दिसेल. ख्रिस्ती झालेल्या कॉन्स्टंटाइनच्या आई-वडिलांच्या लग्नाचं शिल्प समजून लोकांनी तो पाडला नाही. लक्झेंबर्गमध्ये सार्वजनिक वाहतूक फुकट असली तरी सरहद्दीपासून पुढच्या जर्मन भागाचं तिकीट लागतं. आणि सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं.