अरविंद गुप्तांची खेळणी: बदलीच्या घरातली आमची शाळा

मूल घरीच शिकतं म्हटल्यावर ओळखीच्या आया दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘दहावीचं काय?’ आणि दुसरा, ‘विज्ञानाचं कोणतं किट घेतलंस?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुक्त विद्यालय आहे, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. दुसऱ्याला मी सांगते, पार्सलनं येणारी खोकी मागवायच्या आधी अरविंद गुप्ता टॉइज डॉट कॉम हे संकेतस्थळ उघडून बघा. वस्तूंचं परीक्षण लिहिताना शेवटी किंमत सांगायची रीत आहे, मी सुरुवातीलाच सांगते: फुकट. नाव नोंदवावं लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही.

संकेतस्थळाचे मुख्य भाग दोन. एकात शेकडो खेळणी, फोटो आणि छोट्या चित्रफितींसह. दुसऱ्यात पुस्तकं, पीडीएफ स्वरूपात. मराठी पुस्तकंही भरपूर. दिसायला सगळं अगदी साधं, याद्यांवर याद्या. मुलाला मोबाइल देऊन बसवावं अशी ही जागा नाही, आधी आईनं बघायची आहे. मला ते आवडतं. मुलं झोपल्यावर मी चहा घेऊन बसते आणि उद्या काय करायचं ते शोधते. दिवसातला माझा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ, आणि त्यातही मी शिकतच असते.

गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्याच्या टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीला असताना १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नाही, पण आठवडी बाजार आहे, सायकलचं दुकान आहे, काडेपेटी आहे. तिथेच सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काड्या यांचा जोडखेळ तयार झाला. पुढे अनेक वर्षं ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी हेच काम करत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता हे आमच्या घरात कसं आलं ते. नवरा औष्णिक वीज केंद्रात अभियंता. भुसावळजवळच्या दीपनगरहून चंद्रपूरच्या ऊर्जानगरला बदली झाली ती वर्षाच्या मधोमध. तो पुढे गेला, आम्ही मायलेकी मागे, आणि माझ्या पोटात धाकटा. मोठीला घरीच शिकवायचं असं त्याच काळात ठरलं. सामानाचे खोके बांधलेले, पुस्तकं कुठल्या खोक्यात गेली ते सापडेना. काडेपेटी मात्र स्वयंपाकघरात होती आणि नळी सायकलवाल्याकडे. दुसऱ्या गावात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, बाळंतपणानंतरच्या थकव्यातही हीच शाळा पुन्हा मांडता आली. विकतच्या कुठल्याही किटला हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

खेळ असा: नळीचा दीडेक सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची. दोन काड्यांचा सांधा झाला. मधोमध सुईनं किंवा बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा. मोठीनं आधी त्रिकोण केला, मग चौकोन. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण हलतच नाही. चौकोन पक्का करायला तिला आत तिरकी काडी घालायची होती, पण काडेपेटीतली काडी तिथे पुरेना. शेवटी तिनं खराट्याची काडी मोजून तोडली. एका काडीच्या साधारण १.४ पट लांबी लागते हे तिनं स्वतः पट्टीनं मोजून वहीत लिहिलं. पायथागोरस तिला अजून भेटायचा आहे, भेटेल तेव्हा ओळखीचा निघेल.

त्या संध्याकाळी फिरायला गेलो तर ती विजेच्या मनोऱ्याखाली उभी राहून ओरडायला लागली, ‘आई, सगळे त्रिकोण आहेत गं! सगळेच्या सगळे!’ वसाहतीभोवती हे मनोरे आहेतच, मी इतकी वर्षं त्यांच्या सावलीत संसार केला, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. आई होण्यात इतका आनंद असतो हे मला त्या क्षणी जसं कळलं तसं आधी कळलं नव्हतं. सहा काड्या आणि चार सांध्यांचा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार, मी पहिल्यांदा हातात धरला तो तिच्या शेजारी बसून. शाळेत तो फक्त फळ्यावरची आकृती होता.

मग सासरे गेले आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. चंद्रपूरचा उन्हाळा, पारा ४५ अंशांच्या वर, दुपारभर दारं-खिडक्या बंद. मोठी स्ट्रॉची बासरी करत होती: टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं, आणि वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीनं कापत जायचं. नळी आखूड होते तसा आवाज चढत जातो. आता प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ ओली होऊन मऊ पडते, त्यामुळे बासरी नीट वाजेना. आई कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘आंब्याची कोय आण इकडे.’ कोय दगडावर घासून त्यांनी तिची पिपाणी केली आणि वाजवूनही दाखवली. त्या दिवसापासून घरच्या शाळेत दोन बाई झाल्या. ‘आजी, तू धर, मी भोक पाडते’ हे आता रोजचं आहे.

साध्या मोटरीचा खेळ मात्र वडिलांच्या वाट्याला येतो. टॉर्चचा मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचा रबरबँड, एक चुंबक आणि इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेची टोकं तीन बाजूंनी खरवडायची, चौथी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे तिथून प्रवाह जात नाही. सगळीकडून खरवडली तर वेटोळं फिरत नाही, नुसतं डोलतं. कारण अर्ध्या फेरीनंतर ढकलण्याची दिशा उलटते. तिथे प्रवाह तुटला तरच ते स्वतःच्या वेगानं पुढे जातं. नाइट शिफ्टहून आलेला माणूस झोपायचं सोडून लेकीला सांगत बसला होता, ‘आमच्या केंद्रात हेच उलटं चालतं, आम्ही फिरवतो आणि वीज निघते.’

आता सावधगिरीचं. घरात रांगतं मूल असेल तर चुंबकं उंच आणि बंद डब्यात ठेवा. लहान चुंबकं एकापेक्षा जास्त गिळली गेली तर पोटात आतड्याच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात, आणि ते जिवावर बेततं. काड्यांचा गूल आधी मोठ्या माणसानं काढून टाकावा. आणि हे म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. आज हे, उद्या ते असा क्रम कोणी लावून दिलेला नाही. गणिताचा सराव आणि मराठीचं व्याकरण यांसाठी आम्ही बालभारतीची पाठ्यपुस्तकं वापरतो, तीही पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ज्या आईला छापील वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाही, तिला इथे सुरुवातीला अवघड जाईल. तरी तिनंही आठवड्यातली एक दुपार यासाठी मोकळी ठेवावी असं मी आग्रहानं म्हणेन.

सात-आठ वर्षांच्या मुलापासून पुढे काड्यांच्या त्रिकोणानं सुरुवात करा. त्याहून लहान असेल तर वर्तमानपत्राच्या टोपीपासून: टोपीची होडी होते, होडीची टोकं फाडली की सदरा होतो, आणि त्यासोबत सांगायला वादळातल्या कप्तानाची गोष्ट आहे. नळी सायकलच्या दुकानातून मीटरभर घेऊन ठेवा, वर्षभर पुरते. बदलीची नोकरी असेल तर हवी ती पुस्तकं आधीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, नव्या घरी इंटरनेट लागायला वेळ लागतो.