क्रौंच पक्का, सोनं बेगडी: पक्ष्यांच्या प्रिंट-संचाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आकार आणि कागदाचं वजन विक्रीच्या पानावर आहेच, त्यामुळे थेट मुद्द्यावर.

चित्रं झकास आहेत. मध्ययुगीन प्राणिकथांच्या हस्तलिखितांत पहाऱ्यावरचा क्रौंच एका पायात दगड धरतो. डुलकी लागली की दगड पडतो आणि त्याला जाग येते. इथे दगडाऐवजी गजराचं घड्याळ आहे. त्याच कथांतला पांढरा पक्षी कॅलॅड्रियस रोग्याकडे बघतो तेव्हा रोगी वाचतो, तोंड फिरवलं की संपलं. इथला मान अर्धवट वळवून उभा आहे, निकाल राखून. साधारण 1200 सालच्या ॲबर्डीन बेस्टियरी या प्राणिकथांच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली पानं शेजारी ठेवून पाहिली, तर चित्रकर्तीचा अभ्यास लगेच कळतो. निळा, लाल अजून जराही उतरलेले नाहीत.

घोळ सोन्याचा आहे. हाताने लावलेला ‘सोनेरी वर्ख’ म्हणजे तांबं-जस्ताचा मिश्रधातू, आणि तो काळवंडतोच. आधी कडा तपकिरी झाल्या, मग हिरवट ठिपके आले. सुरुवातीला संशय काचेवर होता: माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) नसेल तर काच प्रिंटला टेकते आणि दमट हवा आत अडकते. पण फ्रेमबाहेर, पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलेल्या प्रिंटवरही तेच डाग उमटले. तिरप्या उजेडात धरल्यावर उलगडा झाला. डागांत बोटांच्या रेषा दिसतात, म्हणजे घामेजल्या हातांनी हाताळलेल्या वर्खावर संरक्षक थरच नाही. ज्या दोन प्रिंटवर व्हार्निशची चकाकी दिसते, ती दोन्ही ठीक आहेत. म्हणजे काच निर्दोष.

विक्रेत्याचा सल्ला: ‘ओल्या कापडाने हलकेच पुसा.’ कृपा करून असं करू नका. पाण्याने खालचा डिंक सुटतो आणि वर्ख कापडावर येतो. पितळेचं पॉलिश तर त्याहून वाईट, वर्ख खरवडूनच निघेल. बदली प्रिंट मिळेल म्हणे, पण त्याच खेपेतला, आणि परतीचा टपालखर्च आपला!

ही काटकसर कशासाठी, ते कळत नाही. एका प्रिंटवर सोनेरी भाग जेमतेम 10 चौरस सेंमी. खऱ्या सोन्याचं 80 मिमी चौरस पान 64 चौरस सेंमीचं असतं. वाया जाणारं धरूनही दोन पानांत अख्खा संच झाला असता. सोनं काळवंडत नाही. हस्तलिखितांतला खरा झळाळ प्लास्टर-सरसाच्या फुगीर थरावर वर्ख बसवून अकीकाने घासल्यावर येतो. तेवढी अपेक्षा छापील कागदाकडून नाही.

संच घेतलाच असेल तर आम्लमुक्त माउंट लावून काच दूर ठेवा. मागे एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबलेला फळा) नको, त्यातून आम्लाची वाफ निघते. पीव्हीसीचं पाकीट आणि रबर बँडही नको, रबरातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. घेण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: वर्ख किती कॅरटचा, आणि वर व्हार्निश आहे का.

पाचपैकी तीन तारे. वर्खाशिवायची आवृत्ती निघाली तर साडेचार.