रेल्समधली टेम्प्लेट इनहेरिटन्स: दोन वर्षं वापरल्यावरचं मत

आमच्या अ‍ॅपच्या अ‍ॅडमिन भागात 14 कंट्रोलर (पानांच्या विनंत्या हाताळणारे क्लास) होते, प्रॉडक्ट, ऑर्डर, कस्टमर, कुपन वगैरे, आणि प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये जवळपास तीच इंडेक्स (यादीचं पान), तीच न्यू, तीच एडिट. एक बटण हलवायचं म्हटलं तरी 14 फायली उघडायच्या आणि त्यातली एखादी हमखास राहून जायची. शेवटी वैतागून सगळं रेल्स (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) मधल्या टेम्प्लेट इनहेरिटन्सवर नेलं, म्हणजे कंट्रोलरकडे स्वतःचं पान नसेल तर ते त्याच्या वरच्या क्लासच्या फोल्डरमधून घेतलं जातं, आणि आता मागे जायची अजिबात इच्छा नाही.

ही सोय रेल्स 3.1 पासून आहे, म्हणजे 2011 पासून, तरी बरेच जण अजून प्रत्येक अ‍ॅक्शनमध्ये शेअर्ड फोल्डरचा पाथ देऊन रेंडर (टेम्प्लेट दाखवायची आज्ञा) लिहीत बसतात. खरं तर काहीच लिहावं लागत नाही. प्रॉडक्ट्स कंट्रोलर अ‍ॅडमिनच्या बेस कंट्रोलरमधून आलेला असेल तर रेल्स आधी अ‍ॅडमिन/प्रॉडक्ट्स फोल्डरमध्ये बघतं, तिथे नसेल तर अ‍ॅडमिन/बेस, तिथेही नसेल तर अ‍ॅप्लिकेशन. जिथे पहिली फाइल सापडेल ती घेतं. एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्येही शेअर्ड फोल्डर आहे पण तिथे मुळात कंट्रोलरचं फोल्डर आणि मग थेट शेअर्ड, मधल्या पायऱ्या नाहीत, इथे क्लासची जेवढी साखळी तेवढ्या पायऱ्या आपोआप मिळतात.

पण मला विचाराल तर खरी मजा अख्ख्या पानात नाहीये, पार्शलमध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये काढलेल्या पानाच्या तुकड्यात आहे. आम्ही पहिल्यांदा चूक केली ती इथेच. कॉमन इंडेक्स केली, मग ऑर्डरला दोन कॉलम जास्त हवे म्हणून त्यात कंट्रोलरचं नाव तपासणारा इफ टाकला, मग कुपनसाठी अजून एक, असं करत करत त्या एका फाइलमध्ये 7 इफ झाले आणि ती वाचायलाच नको वाटायला लागली. मग टेबलची ओळ वेगळ्या पार्शलमध्ये काढली, हेडिंग वेगळं काढलं, आणि इंडेक्समधून नुसतं नाव देऊन रेंडर केलं, पुढे फोल्डर न लावता. फोल्डर नसेल तर पार्शलसुद्धा त्याच साखळीत शोधलं जातं. आता ऑर्डर्सच्या फोल्डरमध्ये फक्त हेडिंग आणि ओळीचं पार्शल आहे, दोन छोट्या फायली, बाकी सगळं बेसचं, आणि इफ एकही उरला नाही. फक्त बेसच्या टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलचं नाव सगळीकडे एकच ठेवा, रेकॉर्ड्स म्हणा काहीही म्हणा, प्रॉडक्ट्स आणि ऑर्डर्स अशी वेगळी नावं ठेवलीत तर शेअरिंग होणारच नाही.

कलेक्शन (रेकॉर्ड्सची यादी) थेट रेंडरला दिलं तर मात्र हे चालत नाही, कारण तिथे मॉडेलवरून (रेकॉर्डच्या क्लासवरून) पाथ ठरतो आणि त्यात फोल्डर आधीच आलेलं असतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

भाषांतराचं पण लक्षात ठेवा. टेम्प्लेटमध्ये टी या भाषांतराच्या मेथडला डॉटने सुरू होणारी की (key) दिली तर ती त्या टेम्प्लेटच्या पाथवरून शोधली जाते, कंट्रोलरवरून नाही, त्यामुळे 14 पानांवर एकच शीर्षक आलं आमच्याकडे. आम्ही शीर्षक मॉडेलच्या नावावरून काढतो आता, ह्यूमन मेथड वापरून, ते बरं पडतं.

एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे. फाइल राहून गेली तर एरर येत नाही, गुपचूप साखळीतलं वरचं पान दिसतं. आमच्या एकाने लॉगिनची तपासणी आयती मिळावी म्हणून रिपोर्ट्स कंट्रोलर बेसमधून इनहेरिट केला आणि राउट्समध्ये (कुठला पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जातो त्या यादीत) सगळे रिसोर्सेस उघडे ठेवले, तर जी पानं आम्ही कधी बनवलीच नव्हती ती बेसमधून उघडायला लागली, एडिट बटणासकट. तेव्हापासून राउट्समध्ये ओन्ली (ठरावीक पानंच उघडणारा पर्याय) लिहिल्याशिवाय आम्ही रिव्ह्यू पास करत नाही, आणि लॉगिनची तपासणी वेगळ्या कन्सर्नमध्ये (हव्या त्या कंट्रोलरमध्ये जोडता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये) काढली, म्हणजे ज्याला फक्त तेवढीच हवी त्याच्यामागे सगळी टेम्प्लेटं लागत नाहीत.

दोनच कंट्रोलर असतील तर याच्या वाटेला जाऊ नका, साधं एक पार्शल पुरतं. चार-पाचच्या पुढे मात्र बिनधास्त घ्या. मागच्या महिन्यात पंधरावा कंट्रोलर आला, त्याच्यासाठी व्ह्यूच्या फोल्डरमध्ये एकच फाइल टाकली, 6 ओळींची.