मेंडोसात ‘ऊको खोरं’ म्हणून आम्हाला माइपू दाखवलं

अर्जेंटिनात मेंडोसाला जाऊन ऊको खोऱ्यातल्या वायनरी बघायचा बेत असेल तर हे आधी वाचा.

शहरातल्या चौकात एक माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्र, फोनमध्ये वायनरींचे फोटो, बोलणं गोड. ऊको खोऱ्यातल्या ग्वाल्तायारी भागातल्या तीन वायनरी, जेवणासकट, गाडी हॉटेलच्या दारात. मात्र सगळे पैसे आगाऊ, डॉलरमध्ये आणि रोख. "नोंदणीशिवाय तिथे आत घेत नाहीत, मला आजच पैसे भरावे लागतील," असं त्याचं म्हणणं. नोंदणी लागते हे खरंच आहे, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो.

ग्वाल्तायारीला जायचं ते उंचीसाठी. मेंडोसा हे अँडीजच्या पूर्वेचं वाळवंट. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, द्राक्षं जगतात ती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर. शहर साधारण ७५० मीटरवर आहे, ग्वाल्तायारीचे मळे १,२०० मीटरच्याही वर. तिथलं ऊन कडक, रात्री गार. त्यामुळे माल्बेक या काळ्या द्राक्षाची साल जाड होते, रंग गडद येतो, आंबटपणा टिकतो. हा फरक जिभेवर कळावा म्हणून आम्ही एवढ्या लांब गेलो होतो.

गाडी अर्ध्या तासाच्या आतच थांबली. ऊको शहराच्या दक्षिणेला, निदान सव्वा तासावर. वहिनींनी फोनवर उंची पाहिली, आठशेच्या आसपास. "अगं, आपण चढलोच नाही की!" त्या म्हणाल्या. त्या दलालाला विचारलं, तर त्याने बाटलीवरच्या ‘वाये दे ऊको’ (म्हणजे ऊको खोरं) या अक्षरांवर बोट ठेवलं. इथेच बहुतेक जण गप्प बसत असणार. शहराजवळच्या माइपू आणि लुहान दे कुयो या भागांतल्या अनेक वायनरी ऊकोची द्राक्षं आणून वाइन करतात. लेबल खोटं नसतं, पण ते द्राक्षाचं गाव सांगतं, तुम्ही उभे आहात ते नाही. बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं, तिथे वायनरीचा पत्ता माइपूचा होता.

दुसरं ठिकाण म्हणजे निव्वळ दुकान. आधीच उघडून ठेवलेल्या बाटल्यांतला घोटभर नमुना, आणि मग खोकं विकत घ्या म्हणून तासभर पिच्छा. तिसरी वायनरी ‘आज बंद’. जेवण म्हणून एम्पानाडा, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या. संध्याकाळी त्याने आमचा नंबर ब्लॉक केला होता.

माइपूच्या वायनरीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथल्या माणसांनी मनापासून सगळं दाखवलं, त्यांना आमच्याशी झालेला सौदा ठाऊकही नसावा. संताप येतो तो या दलालाचा. गारपिटीपासून वेली वाचवायला जाळ्या ताणणाऱ्या, पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या लोकांच्या नावावर हा पैसे उकळतो.

नंतर आम्ही वायनरीला थेट ईमेल केला आणि गाडी हॉटेलमार्फत ठरवली. उत्तरात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि आमचं नाव, सगळं वायनरीच्याच पत्त्यावरून आलं. मध्यस्थाकडून जात असाल तर हाच निरोप आधी मागा आणि वायनरीला फोन करून खात्री करा. रोख पूर्ण रक्कम देऊ नका. ऊकोत बऱ्याच ठिकाणी फाटकावर रखवालदाराकडे यादी असते, नाव नसेल तर तो गाडी आत सोडत नाही.