फरशी न फोडता बसलेला कमोड: ऑफसेट पॅन कनेक्टर

जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चढवल्या की मागची भिंत चिकटवायच्या मसाल्यासकट सहज दोनेक सेंटिमीटर पुढे सरकते. ड्रेनेजचा पाइप मात्र जिथल्या तिथे. आमच्याकडे नेमकं हेच झालं. टाकी भिंतीला टेकली आणि कमोडचं तोंड पाइपाच्या पुढे जाऊन बसलं. प्लंबरचं उत्तर तयार होतं: "फरशी फोडावी लागेल." नवीकोरी फरशी! मी म्हटलं, आधी ऑफसेट कनेक्टर लावून बघू.

वस्तू साधी आहे. पांढरं प्लास्टिक, वरचं आणि खालचं तोंड एका रेषेत नाही. खालचं 110 मिमीच्या पाइपात जातं, वरच्यात कमोड बसतो. फिरवून हवी ती दिशा धरायची. हे 20 आणि 40 मिमी फरकाचे मिळतात. आम्हाला 20 चा पुरला.

खरी कसोटी कनेक्टरच्या तोंडाशी सांधा घट्ट धरणाऱ्या रबराच्या पाकळ्यांची. कनेक्टर कोरडा दाबला तर एखादी पाकळी आत दुमडते, वरून कळतही नाही, आणि वास नाहीतर गळती तिथूनच सुरू होते. पाइपाची कड कानशीने घासून घ्यावी, पाकळ्यांना साबणाचं पाणी लावावं. ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. पाइपात किती खोल जायला हवा, याची साधी खूणही कनेक्टरवर नाही, याचा मला राग आला. कमोड आधी जागेवर ठेवून त्याची बाहेरची रेघ पेन्सिलने फरशीवर मारली, म्हणून निदान जागेचा अंदाज लागला.

सांध्यात व्हाइट सिमेंट भरायला मी साफ नकार दिला. रबर घ्यायचं ते थोडं हलायला वाव राहावा म्हणून. वर सिमेंट थापलं तर उद्या कमोड काढताना तोच फुटणार. बुडाला सिलिकॉन लावलं, तेही मागे बोटभर जागा सोडून. गळलंच तर पाणी तिथून बाहेर दिसावं, फरशीखाली मुरू नये. सिलिकॉनच्या आधी बादल्या ओतून टिश्यू पेपर फिरवला, कोरडा निघाला.

आतला मार्ग थोडा तिरका होतो, त्यामुळे फ्लशचा जोर कमी असेल तर अडू शकतं. आमचं अजून तरी अडलेलं नाही. फरक 40 मिमीच्या वर असेल तर मात्र याच्या नादी लागू नका. भिंतीपासून कमी अंतराचा कमोड शोधा, नाहीतर फरशी फोडाच. "दोन कनेक्टर एकावर एक चढवून देतो" म्हणणारेही भेटतात. त्यांना दारातूनच हात जोडा.